चित्रातले नाना फडणवीस

मैत्रिणींनो, फोटो काढायचा म्हटलं की आपण ठेवणीतलं लुगडं काढतो, साज घालतो. फोटो त्या एका दिवसाचा असतो. पुढचं त्यात काही दिसत नाही.

1792 साली जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीनं त्याला पेशव्यांच्या दरबारात शिरकाव मिळाला. त्यानं काढलेलं एक चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अठरा वर्षांचे सवाई माधवराव बसले आहेत आणि जवळ पन्नाशीचे नाना फडणवीस, लांबट, कृश चेहऱ्याचे. चाळीस दिवसांचं पोर गादीवर बसवून नानांनीच राज्य राखलं होतं. चित्र काढलं तेव्हा नानांचा शब्द खाली पडत नव्हता.

तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 1795 मध्ये, चित्रातला तो तरुण शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून गेला. वारसाच्या भांडणात नानांना पुणं सोडून महाडला पळावं लागलं. तिथून त्यांनी कुणाला हाताशी धरलं असेल? आपल्या कोल्हापूरकरांना! पुण्याचं आणि करवीरचं वैर जुनं, पण परशुरामभाऊ पटवर्धनांना अडवायला तेच उपयोगी पडले. राजकारणात सोयरीक अशीच जमते.

नाना परत कारभारी झाले खरे, पण नवे पेशवे दुसरे बाजीराव यांना ते नकोसेच होते. 31 डिसेंबर 1797 रोजी ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेले. मायकेल फिलोज या परदेशी सरदारानं सुरक्षिततेचा शब्द दिला होता. तिथंच त्यांना धरलं आणि नगरच्या किल्ल्यात टाकलं. पुढच्या वर्षी सुटले, पुन्हा कारभारही हाती आला, पण पूर्वीचा वचक उरला नव्हता. 13 मार्च 1800 रोजी ते वारले.

त्यांच्या मागे जिऊबाई राहिली, अगदी कोवळ्या वयाची विधवा. नवऱ्याचे शत्रू आता तिच्या वाट्याला आले, कारण नानांच्या पैशावर बाजीरावांचा डोळा होता. ती लोहगडाच्या आश्रयाला राहिली. शेवटी इंग्रजांनी मध्ये पडून तिला पनवेलला नेलं आणि वर्षाला 12 हजार रुपये तनखा बांधून दिला.