नात्याच्या साखळीतील पैसा

जाहिरातीचे सर्वांत जुने साधन म्हणजे माणसाचे तोंड. कोणत्या वैद्याच्या हाताला गुण आहे, कोणत्या पेठेतला कापडवाला मापात खोटा नाही, हे एका घरातून दुसऱ्या घरी सांगितले जाई आणि त्याबद्दल कोणी दाम मागत नसे. सांगणाऱ्याचा त्यात लाभ नव्हता, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होते. पुढे छापखाना आला आणि जाहिरातीला किंमत आली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यानंतरच्या काळात मराठी वृत्तपत्रे वर्गणीदाराप्रमाणेच जाहिरातदाराच्याही आधारावर उभी राहिली. परंतु दाम देणारा व्यापारी, जागा देणारा संपादक आणि वाचणारा वाचक ही तीन माणसे तेथे निरनिराळी होती. जाहिरात वाचली म्हणून वाचकाला कोणी पैसे देत नसे.

ही वाटणी विसाव्या शतकाच्या अखेरीस मोडली. १९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या. पाचच वर्षांनी, १९९९ साली, कॅलिफोर्नियातील ‘ऑल-अ‍ॅडव्हांटेज’ नावाच्या कंपनीने नवाच व्यवहार काढला. संगणकाच्या पडद्यावर जाहिरातींची पट्टी उघडी ठेवावी आणि तासाला अर्धा डॉलर घ्यावा. शिवाय ज्या मित्रांना सभासद करावे, त्यांच्या तासांवरही थोडा वाटा मिळवावा. सभासद भराभर वाढले; पण जाहिरातदारांकडून येणारा पैसा त्यांना द्यावयाच्या रकमेस पुरेना. २००१ मध्ये हा उद्योग आटोपला. मात्र या कंपनीने सभासदांकडून प्रवेशशुल्क घेतले नव्हते, एवढे तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

सचोटीचा मार्ग कोणता, हेही लवकरच दिसले. २००३ साली ‘गूगल’ने लहान संकेतस्थळांनाही जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देणारी ‘अ‍ॅडसेन्स’ योजना सुरू केली. तिची एक अट मोठी बोलकी आहे: संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या पानावरील जाहिरातीवर स्वतः कळ दाबू नये, आणि इतरांनाही तसे करावयास सुचवू नये. कारण उघड आहे. जाहिरातदार दाम मोजतो तो गिऱ्हाइकासाठी. मेव्हण्याच्या भिडेखातर दाबलेली कळ त्याच्या काडीच्याही उपयोगाची नसते. आप्तेष्टांना आपले संकेतस्थळ वाचावयास सांगणे हे आमंत्रण होय. जाहिराती दाबावयास सांगणे ही जाहिरातदाराची फसवणूक होय.

भारतात या भेदाचा विसर पडला, तेव्हा त्याची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली. २०१७ च्या फेब्रुवारीत नोएडा येथील ‘सोशल ट्रेड’ हा व्यवहार पोलिसांनी बंद पाडला. सभासदाने ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरावे आणि प्रत्येक कळीमागे ५ रुपये मिळवावे, अशी ती योजना होती. तपासाधिकाऱ्यांनी सांगितलेला एकूण आकडा सुमारे ३,७०० कोटी रुपयांचा होता. बंगळूरलाही तसेच घडले. संगणकविद्येचे माहेरघर म्हणून जगात गाजलेल्या या शहरात २०२१ च्या जूनमध्ये मध्यवर्ती गुन्हे शाखेने अशाच एका कंपनीच्या चालकास अटक केली. सुमारे अकराशे रुपये भरून सभासद व्हावे, रोज जाहिराती पाहाव्या आणि ओळखीच्यांना सभासद करून उत्पन्न वाढवावे, असे आमिष लाखो लोकांना दाखविण्यात आले, असा पोलिसांचा आरोप होता.

विद्येच्या नगरीत लोक गणित कसे विसरले, हा प्रश्न साहजिक आहे. कारण गणित अवघड नाही. एकाने पाच सभासद आणावे, त्या प्रत्येकाने पुन्हा पाच आणावे, असे धरले तर दहाव्या पायरीवर ९७ लाखांहून अधिक माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत बंगळूर नगराची वस्ती सुमारे ८४ लाख होती. तेराव्या पायरीवर हा आकडा १२२ कोटींवर जातो, आणि त्याच जनगणनेप्रमाणे साऱ्या देशाची लोकसंख्या १२१ कोटी होती. म्हणजे साखळी तुटणे हा अपघात नव्हे. ती तुटण्यासाठीच जन्मते. तुटते तेव्हा शेवटच्या पायरीवर उभे असतात ते सर्वांत उशिरा आलेले, बहुधा सर्वांत भोळे आणि सर्वांत गरजू.

कायद्याने हा धोका संगणक घरोघर पोहोचण्यापूर्वीच ओळखला होता. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींतून १९७८ चा बक्षीस-चिठ्ठी व पैसा-फिरवणी योजनांना बंदी करणारा कायदा निघाला. त्याच्या तिसऱ्या कलमाची मनाई केवळ चालकापुरती नाही; अशा योजनेत सभासद होणे किंवा अन्य रीतीने भाग घेणे हेही त्या मनाईत येते. २०२१ च्या डिसेंबरातील थेट विक्रीच्या नियमांनीही असल्या उतरंडींना मज्जाव केला.

महाराष्ट्राच्या घरोघरी चाललेली भिशी या साखळीच्या शेजारी ठेवून पाहावी. भिशीतील माणसे मोजकी असतात. जेवढे भरावे तेवढेच पाळीपाळीने परत मिळते. आणि कोणाचा लाभ नव्या माणसाच्या येण्यावर अवलंबून नसतो. तेथे विश्वास राखला जातो. साखळीत तो विकला जातो. बुडालेले अकराशे रुपये काही महिन्यांत भरून निघतील. परंतु ज्या मावशीने भाच्याच्या शब्दावर ते भरले, तिच्या घरी तो भाचा पुन्हा पूर्वीच्या मोकळेपणाने जाऊ शकत नाही. या हानीची नोंद कोणत्याही आरोपपत्रात होत नाही. म्हणून अशा योजनेची वार्ता कानावर आली, की आणखी माणसे येणे थांबल्यावर पैसा कोठून येणार, एवढा एकच प्रश्न विचारावा. आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती वार्ता दुसऱ्या घरी नेऊ नये.