सैन्याचे गणित : खेळातले आणि खिंडीतले

इतिहासावर बेतलेले संगणकीय युद्धखेळ आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. १९९९ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात एक बटण दाबले की सैनिक रांगेत उभे राहतात, दुसरे दाबले की चौकोनात. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांच्या बाजूनेही खेळता येते आणि तुकड्या किती मोठ्या असाव्यात हे खेळाडूच ठरवतो. यातून एक समज सहज रुजतो : सैन्य म्हणजे एक आकडा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा जय. हा समज तपासून पाहू या.

प्रथम तुकडीचा आकार घेऊ. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना सभासद बखरीत दिली आहे. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरील स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. गुणाकार केला तर २५ × ५ × १० = १२५०. म्हणजे नाव हजारी, पण स्वार साडेबाराशे! हजारीने दहा जणांना सांगायचे, त्या प्रत्येकाने पाच जणांना आणि त्यांनी आपापल्या पंचवीस स्वारांना. तीन टप्प्यांत हुकूम सर्वांपर्यंत पोहोचतो. शिवाय दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. हजारीमागे अशी शंभर माणसे झाली. खेळातल्या घोड्याला तहान लागत नाही आणि त्याचा नालही झिजत नाही. त्यामुळे ही माणसे तेथे दिसत नाहीत.

आता व्यूहाकडे वळू. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ साली आपल्या पुस्तकात एक नियम मांडला. दोन्हीकडचे सैनिक सारखे असतील, दुरून मारा करत असतील आणि प्रत्येकाला समोरच्या कोणावरही नेम धरता येत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोकळ्या मैदानात १०० विरुद्ध ५० अशी शेवटपर्यंत लढाई झाली, तर १००² − ५०² = ७५००; याचे वर्गमूळ सुमारे ८७. म्हणजे मोठी बाजू फक्त १३ माणसे गमावून जिंकते.

पण तेच शंभर जण पंचवीस-पंचवीसच्या चार तुकड्यांनी एकामागून एक आले तर? ४ × २५² = २५००, आणि ५०² सुद्धा २५००. सामना बरोबरीत! संख्या तीच, व्यूह मोडला एवढेच.

याचे उदाहरण आमच्या पनवेललगतच्या खालापूर तालुक्यातच आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असताना उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. अरुंद वाटेवर खानाचे सैन्य लांबच लांब पसरले होते आणि दोन्ही बाजूंना रान होते. मागचे सैन्य पुढच्यांच्या मदतीला येऊ शकत नव्हते. अखेर खानाने शरणागती पत्करली व सामानसुमान टाकून वाट मोकळी करून घेतली.

अर्थात वर्गाचा नियम म्हणजे इतिहास नव्हे. चढाचा फायदा, वाटांची माहिती, मनातील भीती यांना त्यात जागा नाही. खानाचे सैन्य तर शेवटच्या माणसापर्यंत लढलेही नाही. पण संख्येइतकाच रचनेचा आणि भूमीचा विचार का करावा लागतो, हे तो नेमके दाखवतो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न द्यावा : शंभर जण पाच समान तुकड्यांत एकामागून एक आले, तर पन्नासांपैकी किती उरतील? उत्तर काढल्यावर विद्यार्थी उंबरखिंडीचा नकाशा स्वतःहून मागतील.