पाककृतीच्या वहीतली नावं

घरात सापडणारी इतिहासाची साधनं हा आपला विषय चालू आहे. जुनी पत्रं, जमाखर्चाच्या वह्या यांच्याबद्दल बोलून झालं. आज स्वयंपाकघरात जाऊ. इतिहासकार तिथं फारसे जात नाहीत, आणि त्यात तोटा त्यांचाच आहे.

आमच्या घरी एक वही आहे. पानांना तेलाचे डाग, कडा कुरतडलेल्या, अक्षर तिघी-चौघींचं. मथळे बघा कसे आहेत: ‘वन्संची चकली’, ‘शेजारच्या काकूंचं लिंबाचं लोणचं’, ‘आईची पुरणपोळी’. चकलीखाली एवढंच लिहिलंय: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धने-जिरे अंदाजे, मोहन बेताचं. आता ‘बेताचं’ म्हणजे किती? जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दाताला घट्ट लागते. ते वन्संच्या हाताला माहीत होतं. लिहिणारीनं तो हात शेजारी उभं राहून पाहिला होता, म्हणून तिला एका शब्दात भागलं. आपण पाहिलेला नाही, म्हणून आपण अडतो.

म्हणजे या वहीत दोन गोष्टी नोंदल्या आहेत. एक कृती, आणि दुसरी ती कुणाकडून आली याची. कृती छापून पुस्तकात गेली की बहुधा पहिली गळते ती ही दुसरी नोंद. तर मराठी पाकपुस्तकांचा इतिहास या नजरेनं थोडा चाळून पाहू.

सुरुवातीच्या छापील मराठी पाकपुस्तकांत ‘सूपशास्त्र’ येतं, साल 1875. सूप म्हणजे आपलं हॉटेलातलं नव्हे हं. संस्कृतात सूप म्हणजे वरण-आमटी, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. घराघरांत रोजचा स्वयंपाक बायका करत होत्या आणि त्याचं ‘शास्त्र’ एका पुरुषाच्या नावावर छापलं गेलं. यात त्यांचा दोष काढायचा नाही. त्या काळी लिहिता येणाऱ्या बायका होत्याच किती? पुढे 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. एका बाईनं हजार कृती स्वतःच्या नावानं छापल्या, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

मग 1943 ची ‘रसचंद्रिका’. मुंबईच्या सारस्वत महिला समाजानं काढलेलं हे पुस्तक अंबाबाई सामसी यांनी तयार केलं. घरात कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वत कुटुंबांचं जेवण मराठीत उतरलं. मुंबईत आलेल्या कुटुंबांना धास्ती होती ती हीच, की गावाकडची माणसं मागं राहिली, आता पुढच्या पिढीला शिकवणार कोण? एका घरातल्या वहीचं काम इथं अख्ख्या समाजाच्या पुस्तकानं केलं.

आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. कमलाबाईंचं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या सांगलीला, सासूबाईंच्या हाताखाली. या पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. त्याचं मोठं कारण मापात आहे. जुनी मापं आठवा: शेर, पावशेर, तोळा. मापाचा शेर निराळा, वजनाचा निराळा, शिवाय गावागणिक फरक. 1956 च्या कायद्यानं दशमान पद्धत आली, आणि काही वर्षांत बाजारात किलो-ग्रॅम रुळले. पण घरात तराजू कुठं होता? कमलाबाईंनी वाटी आणि चमचा धरला. वाटी लहान असो की मोठी, सगळं त्याच वाटीनं मोजलं की प्रमाण बिघडत नाही. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या, पुढं परदेशी गेलेल्या कितीतरी मुलींना त्या पुस्तकानं सासूची जागा भरून दिली. सांगलीतल्या एका सासूबाईंचा हात असा लाख घरांत पोचला. त्या सासूबाईंचं नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे?

इथवर आपण ज्यांच्याकडे वही होती त्यांच्याबद्दल बोललो. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचं काय? वही असायला अक्षरओळख लागते, कागद लागतो, आणि घरात मोजण्याइतकं तेल-तूप लागतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं. शीर्षकातला ‘अ’ फार बोलका आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं जेवण त्यात आहे: वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताचा पदार्थ, तेलाचा नावापुरता वापर. पोरांना काहीतरी शिजवून घालायच्या ओढीतून हे हात तयार झाले होते, आणि शतकभराच्या पाकपुस्तकांत त्यांना जागा नव्हती. त्याआधी 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी गोळा करून एक इंग्रजी पुस्तिका काढली होती. हे ताट भारतीय नाही का, असा प्रश्नच तिचं शीर्षक आहे. पाककृती आणि तिच्यामागची माणसं एकत्र नोंदली, तर तिचा इतिहास होतो, हे या दोन्ही कामांत दिसतं.

आम्ही व्याख्यानाच्या शेवटी गृहपाठ देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजचा सोपा आहे, पण लांबणीवर टाकू नका. घरातल्या किंवा शेजारच्या थोरल्या माणसाचा एक पदार्थ निवडा. फोनवर विचारू नका, शेजारी उभं राहून करताना बघा. ‘अंदाजे’ म्हणत ती मुठीनं पीठ घालेल, तेव्हा ती मूठ आधी वाटीत रिकामी करायला सांगा, मोजा, मग परातीत टाका. आणि विचारा, ‘तुम्ही हे कुणाकडून शिकलात?’ ते नाव, गाव आणि आजची तारीख पदार्थाच्या मथळ्याखाली लिहा.

आमच्या वहीतल्या त्या वन्सं आता नाहीत. चकली दर दिवाळीला करतो. कधी जमते, कधी तेलात विरघळते. ‘बेताचं’ म्हणजे किती, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. तुमचं राहू नये म्हणून आज हा विषय घेतला. प्रश्न असतील तर आता घेऊ.