ठाण्याचे चार साक्षीदार आणि आमचें आमंत्रण



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार स्मरत असतां, श्रद्धेचें हें दान आमच्या प्रांतीं कोणत्या वाटेनें आलें व तें आम्हीं पुढें कसें द्यावयाचें, याचा थोडा विचार करणें आम्हांस उचित वाटतें.

आपल्याकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनींच आणिला, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाहीं. सहाव्या शतकांत आलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें 'कल्लियाना' येथें इराणांत अभिषेक झालेला बिशप असतो, असें लिहून ठेविलें आहे. हें स्थळ म्हणजे आपलें कल्याणच, असें अनेक विद्वानांचें मत आहे.

पुढें सन १३२१ मध्यें तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन मठवासी आणि दुभाष्याचें काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियस असे चौघे ठाण्यास आले. त्यांस जावयाचें होतें कोल्लमला. वाऱ्यानें त्यांचें जहाज ठाण्याच्या बंदरीं आणिलें. येथें नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं अवघीं पंधरा घरें होतीं. त्यांपैकीं एका घरीं ते पाहुणे म्हणून उतरले. त्या घरांत नवराबायकोचा कलह झाला, नवऱ्यानें बायकोस मारिलें व ती काझीकडे दाद मागण्यास गेली. साक्षीदार कोण, असें विचारतां तिनें या पाहुण्यांचीं नांवें सांगितलीं. काझीनें त्यांस बोलाविलें. परंतु चौकशी कलहाची न होतां धर्माची झाली आणि एप्रिल महिन्यांत त्या चौघांनींही आपले प्राण अर्पण केले. 'मार्टिर' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'साक्षीदार' असाच आहे. मार खाल्लेल्या एका स्त्रीच्या साक्षीसाठीं बोलाविलेले हे पाहुणे ख्रिस्ताचे साक्षीदार ठरले.

त्यांचे देह डोमिनिकन मठवासी फादर जॉर्डन यांनीं सोपारें येथें पुरले. त्याच सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या बंधूंस पत्र धाडिलें; त्यांत नुसता शोक नाहीं, तर 'येथें या' असें आर्जव आहे. पुढें ओडोरिक नांवाच्या मठवाशानें त्या साक्षीदारांच्या अस्थि चीन देशांत नेल्या. दिल्लीच्या सुलतानानें त्या वधाबद्दल येथील अधिकाऱ्यास देहांत शासन दिलें, असेंही ओडोरिकनेंच लिहिलें आहे. म्हणून या घटनेचा दोष कोणा एका समाजावर ठेवणें न्याय नव्हे. पोप तेरावे लिओ यांनीं सन १८९४ मध्यें थॉमस यांच्या 'धन्य' या सन्मानास मान्यता दिली.

सन १५३४ मध्यें वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेला. देवळें उभीं राहिलीं, शाळा निघाल्या. पण राजसत्ता व धर्मप्रसार यांचा हात एकमेकांत गुंतला आणि आमंत्रणास कोठें कोठें आमिषाचें व सक्तीचें रूप आलें. हें मान्य करण्यांत आमच्या पूर्वजांच्या श्रद्धेस कमीपणा येत नाहीं. उलट, सन १७३७ मध्यें ठाणें व १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली, राजाश्रय संपला, तरी घराघरांतली रोजरीची प्रार्थना थांबली नाहीं. जी श्रद्धा राजावर उभी असती ती राजाबरोबर गेली असती.

सन १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, १८५४ त ती कल्याणास पोहोंचली. पुढें नोकरीधंद्यासाठीं वसई, गोवें, मंगळूर, केरळ येथून कुटुंबें येऊन ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें स्थायिक झालीं. सन १९८८ मध्यें कल्याण येथें सिरो-मलबार धर्मप्रांतही स्थापन झाला. पंधरा घरांच्या जागीं आज अनेक भाषांचा हा परिवार आहे.

मग आमचें आमंत्रण कसें असावें? श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही सक्ती होतां कामा नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं जाहीर केलें. तेव्हां आमच्या आमंत्रणांत ना आमिष असावें, ना वाद. शेजाऱ्याच्या दुखण्यांत रात्रभर बसणें, नाताळाचा फराळ देतांना त्यास घरांत बोलावणें, कोणीं 'तुम्ही देवळांत काय करितां?' असें विचारल्यास 'येऊन पाहा' असें मोकळेपणानें सांगणें, एवढें पुरे. प्रभूनेंही आपल्या पहिल्या शिष्यांस याहून अधिक कांहीं सांगितलें नव्हतें.

परंतु आलेल्यास आंत काय दिसेल? रविवारीं एखादा नवखा मनुष्य दाराशीं उभा राहून मिस्सा ऐकतो व कोणीं नांवही न विचारतां निघून जातो, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. आणि त्या दोषांत आम्ही धर्मगुरूही भागीदार आहों. ठाण्यांतील एका सामान्य कुटुंबानें परक्या चौघांस दार उघडलें म्हणून हा इतिहास घडला. आमचें दार बंद असेल, तर कितीही थाटाची ज्युबिली व्यर्थ होय.

ठाण्याच्या त्या साक्षीदारांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आम्हांस उघडें दार, उघडें मन व निर्भय जिव्हा देवो, हीच आमची प्रार्थना.