वॉशिंग्टनची नवी खोली

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु नवे घर बांधण्यापेक्षाही नांदत्या घराला एक खोली जोडणे अधिक कठीण, हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच ठाऊक. नव्या घराचा आराखडा धन्याच्या मनाजोगा होतो. वाढीव खोलीला मात्र जुन्या जोत्याची, जुन्या भिंतींची आणि जुन्या आढ्याची मर्जी सांभाळावी लागते. म्हणूनच अशा खोलीवर बांधणाऱ्याच्या स्वभावाचा आणि काळाचा ठसा एकटाकी बांधलेल्या घरापेक्षा अधिक स्पष्ट उमटतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती व त्या राष्ट्राचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने आपल्या घराला जोडलेल्या एका खोलीची हकीकत या दृष्टीने मननीय आहे.

व्हर्जिनिया प्रांतात पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन नावाची ही वास्तू आहे. मूळ घर जॉर्जचा पिता ऑगस्टीन याने १७३४ च्या सुमारास बांधले. ते दीड मजल्याचे, मधून बोळ आणि दोहों बाजूंस मिळून चार खोल्या, असे बेताचेच होते. पुढे ते जॉर्जच्या ताब्यात आल्यावर १७५८ साली त्याने त्यावर एक पुरा मजला चढविला. त्या वेळी तो स्वतः फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेवर सरहद्दीत होता व घरचे काम शेजाऱ्यांच्या देखरेखीखाली चालले होते. धनी रणांगणावर आणि गवंडी घरावर, हा या घराचा योग पुढेही सुटला नाही.

१७७४ साली त्याने दुसऱ्यांदा घर वाढविण्याचे मनावर घेतले. दक्षिणेच्या टोकास खाली अभ्यासिका व वर शयनगृह, आणि उत्तरेच्या टोकास दोन मजल्यांच्या उंचीचा एकच प्रशस्त दिवाणखाना, असा बेत ठरला. दक्षिणेकडील कामास हात घातला तोच इंग्लंडशी तंटा विकोपास गेला. ४ मे १७७५ रोजी वॉशिंग्टन फिलाडेल्फियाच्या परिषदेसाठी घराबाहेर पडला. जून महिन्यात परिषदेने त्याला सरसेनापती नेमले, आणि त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ त्याला घराचा उंबरठा दिसला नाही. मागे कामावर लक्ष ठेवण्यास लंड वॉशिंग्टन हा त्याचा दूरचा भाऊबंद होता. तोच त्याच्या मळ्यांचा कारभार पाहत असे.

या दोघांचा पत्रव्यवहार वाचताना मन थक्क होते. १७७६ च्या ऑगस्टात इंग्रजांचे प्रचंड आरमार न्यूयॉर्कपुढे येऊन ठेपले होते. लढाईस अवघा एक आठवडा उरला असताना, घराच्या दोन्ही टोकांना कोणती झाडे कशी लावावीत हे सेनापती लंडला कळवीत होता. लढाई झाली, पराभव झाला, न्यूयॉर्क हातचे गेले. ३० सप्टेंबर रोजी त्याने पुन्हा पत्र लिहिले. त्यात आपली अवस्था इतकी शोचनीय आहे की शत्रूला शाप द्यावयाचा तर याच जागी बसण्याचा द्यावा, अशा आशयाचे उद्गार आहेत. आणि त्याच पत्रात नव्या खोलीची शेकोटी भिंतीच्या बरोबर मध्यावर यावी, दारे व इतर सर्व अंगे परस्परांशी जुळती असावीत, अशी निक्षून सूचना आहे!

याला कोणी कोतेपणा म्हणेल. परंतु ज्याचे सैन्य पांगत चालले आहे, ज्याच्या हाती दारूगोळा पुरेसा नाही, त्याला जगात एक तरी गोष्ट आपल्या इच्छेप्रमाणे सरळ रेषेत उभी राहावी असे वाटणे हा मनुष्यस्वभावच होय. शिवाय खोली पुरी करण्याची आज्ञा देणारा माणूस घरी परत येण्याची आशा सोडून बसलेला नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि घराचा हा मोह त्याच्या कर्तव्यबुद्धीहून मोठा नव्हता. १७८१ च्या वसंतात 'सॅव्हेज' नावाची इंग्रज युद्धनौका पोटोमॅकमध्ये शिरली व तिने काठावरची घरे जाळण्यास आरंभ केला. लंडने घाबरून नौकेवर अन्नसामग्री पोचविली आणि माउंट व्हर्नन वाचविले. ही बातमी कळताच वॉशिंग्टनने त्याला कडक शब्दांत बोल लावला. शत्रूला रसद देण्यापेक्षा घराची राखरांगोळी झाल्याचे ऐकून आपल्याला कमी दुःख झाले असते, असा त्याचा अभिप्राय होता. ज्या खोलीच्या शेकोटीची त्याने इतकी काळजी वाहिली ती खोलीही त्या राखेत गेली असती, हे तो पूर्ण जाणून होता.

येथवरची कथा ऐकून वाचकांचे मन आदराने भरून येईल आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाने अर्धेच सांगून थांबता कामा नये. त्याच नौकेवर माउंट व्हर्ननचे सतरा गुलाम पळून गेले होते. इंग्रजांच्या गोटात गेल्यास स्वातंत्र्य मिळेल या आशेने त्यांनी नदी गाठली होती. ज्या शब्दासाठी त्यांचा धनी रणांगणावर उभा होता त्याच शब्दासाठी ते धन्याच्या घरातून निघाले. यॉर्कटाउनच्या विजयानंतर त्यांपैकी काही पुन्हा धरले गेले आणि जुन्या बंधनात परत आले.

ती खोली उभारणारे हातही बव्हंशी अशांचेच होते. मजुरीने ठेवलेला गोइंग लॅनफियरसारखा सुतार होता हे खरे. पण लाकूड कापणे, विटा पाडणे, ओझी वाहणे इत्यादी कष्ट गुलामांच्या वाट्याला होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर दगडी वाटते. वस्तुतः त्या लाकडी फळ्या असून त्यांना चिऱ्यांप्रमाणे खाचा पाडून ओल्या रंगावर वाळू मारलेली आहे. स्वातंत्र्याच्या त्या मंदिरातही दिसणे आणि असणे यांत असेच अंतर होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१७८३ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, सेनापती घरी परतला, तेव्हा खोलीचा सांगाडा उभा होता, पण आतील काम अपुरेच होते. छतावर गिलाव्याची नक्षी झाली. तीत देवदेवता वा राजचिन्हे नाहीत, विळे, फावडी आणि गव्हाच्या पेंढ्या आहेत. सॅम्युएल व्हॉन या इंग्रज चाहत्याने शेकोटीसाठी संगमरवरी महिरप पाठविली. ती आपल्या साध्या प्रजासत्ताक राहणीला जरा भारीच आहे, असा संकोच वॉशिंग्टनला वाटला. तरी ती त्याने बसविली. १७८७ च्या सुमारास भिंतींना हिरवा कागद लागून काम बहुतेक आटोपले. बेत ठरल्यापासून तेरा वर्षे लोटली होती. मधल्या काळात एक राष्ट्र जन्मास आले होते.

एवढा खटाटोप करूनही घराचा दर्शनी भाग पुरता जुळला नाही. मुख्य दार बरोबर मध्यावर नाही, खिडक्यांची अंतरेही सारखी नाहीत. जुन्या खोल्या मोडल्यावाचून ते साधण्याजोगे नव्हते, आणि जुने मोडण्यास धनी तयार नव्हता. राष्ट्राच्या बाबतीतही हेच घडले. समतेची नवी खोली उभी राहिली, पण गुलामगिरीचे जुने दालन तसेच ठेवून. त्या दोहोंचा मेळ बसेना. अखेर १८६१ ते १८६५ या चार वर्षांच्या यादवी युद्धात त्या दालनाच्या भिंती पाडाव्या लागल्या. त्या घटनेचे पडसाद आपल्या पुण्यापर्यंत आले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल, अर्पण केले.

वॉशिंग्टनला स्वतःला हा विसंवाद उत्तरायुष्यात बोचू लागला असावा. १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्याच्या मालकीचे होते. त्यांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. मार्था वॉशिंग्टनने तोवर न थांबता १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मोकळे केले. उरलेल्यांपैकी बहुतेक तिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीचे असल्याने त्यांना ही मोकळीक मिळाली नाही.

१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन वारला. दफनविधीपर्यंत त्याचा देह त्याच दिवाणखान्यात, त्याच्या आज्ञेप्रमाणे नेमक्या मध्यावर बसविलेल्या शेकोटीच्या सान्निध्यात ठेवला होता. पुढे घर मोडकळीस आले, तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या बाईच्या पुढाकाराने स्त्रियांच्या एका मंडळाने १८५८ साली दोन लाख डॉलरांना ते विकत घेण्याचा करार करून त्याचा जीर्णोद्धार केला. आजही लोक ते पाहावयास जातात. वॉशिंग्टन या दालनाला साधेपणाने 'नवी खोली' म्हणे, आणि दोन शतके उलटून गेली तरी तिचे नाव तेच आहे. तेथे जाणाऱ्याने शेकोटी पाहावी, छतावरील पेंढ्या पाहाव्यात, आणि ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत त्या हातांचेही क्षणभर स्मरण करावे. तेवढे केल्यावाचून ती खोली पाहिली असे होत नाही.