ट्रॅव्हलर्स पाम : निळ्या बियांचे झाड

ट्रॅव्हलर्स पाम मूळचे मादागास्करचे. नावात पाम असला तरी ते ताड-माडांच्या कुळातले नाही. केळ आणि कर्दळ ही त्याची दूरची नातलग. पाने दोनच बाजूंना फुटत गेल्याने त्याचा उभा पंखा तयार होतो आणि देठांच्या बुडाशी पावसाचे पाणी साठते. फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर सोनरा याने १७८२ मध्ये त्याला ‘रॅव्हेनाला मादागास्करिएन्सिस’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ या प्रजातीत ही एकच जाती मानली गेली. २०२१ मध्ये आणखी पाच जातींची भर पडली.

अशी परदेशी झाडे दूरच्या बागांत पोचणे पूर्वी सोपे नव्हते. शिडाच्या जहाजांवरचा प्रवास महिनोन्‌महिने चाले. खारे वारे, उंदीर आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत रोपे मरत. बी न्यायला सोपे. पण उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांचे बी सुकले की उगवत नाही. लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या काचेच्या बंद पेटीतून १८३३ मध्ये पाठवलेली रोपे सिडनीला जिवंत पोचली आणि त्यानंतर परिस्थिती पालटली.

पश्चिम भारतात परदेशी झाडांची पैदास सरकारी व संस्थांच्या बागांत होई. पुण्याजवळ दापोडीची बाग १८२८ मध्ये सुरू झाली. मुंबईत अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. दोन्ही बागांची जागा १८६० च्या दशकात सुटली. शिवडीच्या जागी ख्रिस्ती दफनभूमी झाली, तर भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद पडली. पुढे १८७३ मध्ये गणेशखिंडीची बाग उभी राहिली.

त्या काळी शोभेच्या पानांचा शौक वाढत होता. क्रोटनची बी पेरली तर रोप आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून आवडलेला रंग टिकवण्यासाठी माळी फांदी किंवा गुटी लावत. ट्रॅव्हलर्स पामला बुंध्याशी मुनवे फुटतात. ते वेगळे करून लावणे झटपट जमते. पण एका झाडाला मुनवे मोजकेच येतात आणि काही झाडांना येतच नाहीत. पुष्कळ रोपे हवी असतील तर बीच पेरावे लागते.

फळाचे कठीण बोंड तीन कप्प्यांत उकलते. आतल्या बियांभोवती तेलकट, गडद निळे वेष्टन असते. वनस्पतींत असा निळा रंग क्वचितच आढळतो. मादागास्करात लेमूर फुलांतला मध पितात आणि त्यातून परागण होते. पेरण्यापूर्वी निळे वेष्टन काढून बी कोमट पाण्यात दिवसभर भिजवतात आणि निचऱ्याच्या मातीत बोटाच्या पेराएवढे खोल लावतात. ऊब आणि ओलावा कायम हवा. कोंब यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात आणि सगळे बी एकदम उगवत नाही. कोवळे रोप केळीच्या पिल्लासारखे दिसते. पंखा उमटायला वर्षे जातात.

खान्देशातून आलेल्या मराठी कुटुंबांची दाट वस्ती असलेल्या सुरतेच्या पांडेसऱ्यात उकाडा आणि पावसाळी दमट हवा दोन्ही मिळतात, त्यामुळे पावसाच्या तोंडाशी केलेली पेरणी तिथे सोयीची ठरते. गॅलरीतल्या कुंडीत रोप काही वर्षे राहते. पुढे पानांचा पसारा कित्येक फूट होतो, तेव्हा त्याला जमीन आणि सोसाट्याच्या वाऱ्यापासून आडोसा द्यावा लागतो. नाहीतर पाने केळीच्या पानांसारखी चिरतात.