खरेदीखताच्या पलीकडे

कायद्याचे दोन भाग करण्याची रीत रोमन आहे. सम्राट जस्टिनियनने इ. स. 533 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहाच्या आरंभीच उल्पियन या विधिज्ञाचे मत दिलेले आहे. राज्याच्या स्थितीशी निगडित तो सार्वजनिक कायदा आणि व्यक्तींच्या हिताशी निगडित तो खाजगी कायदा. शासन, कर, गुन्हा हे पहिल्यात. करार, वारसा, खरेदी-विक्री हे दुसऱ्यात. ग्रंथात सोपी वाटणारी ही विभागणी खानदेशच्या मातीत मात्र कसोटीला लागली.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. भिल्लांशी नव्या राज्याचा आरंभीचा व्यवहार दंडशक्तीचा होता. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. पुढे रयतवारीची मोजणी झाली, जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि ती गहाण टाकण्याची वा विकण्याची मोकळीक त्याला मिळाली. 1872 च्या करार कायद्यापुढे सावकार आणि निरक्षर भिल्ल हे दोघेही समान पक्षकार होते. अनुचित दबाव सिद्ध झाल्यास करार रद्द होऊ शके. परंतु त्यासाठी वकील लावून कोर्टाची पायरी चढावी लागे. ज्याच्या घरी पुढच्या पेरणीचे बियाणे नाही, त्याने ती चढावी कशी?

1875 मध्ये पुणे व अहमदनगर भागांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. परंतु आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. खानदेश त्याबाहेर राहिला.

स्वातंत्र्यानंतरही जमिनी हातच्या जातच राहिल्या. 1970 च्या सुमारास, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात, अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आदिवासी संघटित झाले. गेलेली जमीन परत मिळावी, ही त्यांची मुख्य मागणी होती.

1974 मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम 36-अ आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक ठरली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात झालेल्या हस्तांतरणांतील जमिनी परत देण्याची तरतूद केली. सही खरी, साक्षीदार खरे, पैसेही दिलेले. तरीही राज्य मध्ये पडू लागले. खरेदीदारांनी याला आव्हान दिले. 1984 मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वितरणात्मक न्यायाचा आधार घेऊन हा कायदा वैध ठरविला.

या संरक्षणाला किंमत आहे, हेही मान्य केले पाहिजे. आजारपणात वा लग्नकार्यात चोपडे, यावल किंवा साक्रीकडील आदिवासी शेतकऱ्याला खुल्या बाजारातील भाव सहजासहजी मिळत नाही. आपल्याच जमिनीसाठी त्याला सरकारदारी जावे लागते. पण हे बंधन नसताना त्याच्या वडिलांपाशी काय उरले होते, हे जुन्या सातबाऱ्यांवरील बदललेली नावे सांगतात. दोन पक्ष खरोखर समान असतील तेथे खाजगी कायदा पुरतो. ते समान नसतील, तर त्यांच्यामधील करार ही केवळ त्या दोघांची बाब राहत नाही.